डीव्हीडीचं कुलूप आणि घरची कॉपी



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांवर, किल्ल्यांवर, तहांवर बोलतो. आजचा इतिहास त्या मानानं ताजा आहे, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा. त्याचे पुरावे बघायला कुठल्या दफ्तरखान्यात जायला नको. तुमच्या टीव्हीखालच्या कप्प्यात ते धूळ खात पडलेले असतील. मी सिनेमाच्या सीडी आणि डीव्हीडींबद्दल बोलतोय.

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, जबलपूर अशा ठिकाणांहून आपले प्रेक्षक लिहितात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांत एक काळ असा होता, की पुण्या-मुंबईची फेरी झाली की परतीच्या बॅगेत चकली, भाजणी आणि मराठी नाटक-सिनेमाच्या पाच-सहा डिस्क असायच्याच. मुलांच्या कानावर चांगलं मराठी पडावं, हा त्यामागचा हेतू. आता प्लेयर बिघडला, दुरुस्त करणारा मिळत नाही, नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही. म्हणून लोक दोन प्रश्न विचारतात. या डिस्क कॉम्प्युटरवर उतरवून ठेवता येतात का? आणि ठेवल्या तर तो गुन्हा होतो का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यासाठी मात्र नॉर्वेतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलापासून आपल्या संसदेपर्यंत जावं लागतं. चला तर मग.

आधी डिस्क समजून घेऊ

आपल्याकडे घराघरात आधी आली ती व्हीसीडी. तिचं प्रमाण १९९३ साली ठरलं. साध्या सीडीवरच चित्र दाबून बसवायचं, एका डिस्कवर साधारण ७४ मिनिटं. म्हणून हिंदी सिनेमा दोन किंवा तीन डिस्कवर यायचा, आणि नेमका रंगात आला की उठून डिस्क बदलावी लागायची. चित्र थोडं चौकटी-चौकटींचं दिसायचं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: व्हीसीडीला कुलूप नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये घातली, फाइल ओढून घेतली, संपलं.

सीमेवरच्या एका चौकीत असताना आमच्याकडे एक टीव्ही, एक व्हीसीडी प्लेयर आणि जनरेटरची संध्याकाळची मोजकी वीज होती. सुट्टीवरून येणारा जवान डिस्क घेऊन यायचा आणि त्या डिस्क पुढच्या प्रत्येक चौकीतून फिरायच्या. महिन्याभरात त्यांच्यावर इतके ओरखडे पडायचे, की नायक संवादाच्या मध्येच गोठायचा. तेव्हा आमच्या एका हवालदारानं नियम केला: मूळ डिस्क पेटीत, फिरवायची ती कॉपी. फौजेत नकाशा असो, कोड असो की जनरेटरचा सुटा भाग, ज्याची दुसरी प्रत नाही ती वस्तू हरवलेलीच धरतात. हवालदारानं तोच हिशेब सिनेमाला लावला होता.

मग आली डीव्हीडी. १९९५ साली एका बाजूला सोनी-फिलिप्स आणि दुसऱ्या बाजूला तोशिबा-टाइम वॉर्नर अशी दोन वेगवेगळी प्रमाणं समोरासमोर उभी होती. त्याआधी व्हीएचएस आणि बीटामॅक्स यांच्या भांडणात सगळ्यांचे हात पोळले होते. कॉम्प्युटर कंपन्यांनी दबाव आणला आणि एकच प्रमाण ठरलं. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये आणि मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी बाजारात आली.

डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन पारदर्शक प्लास्टिकच्या चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, मध्ये धातूचा अतिशय पातळ थर. त्या थरावर सर्पिलाकार रेघेत सूक्ष्म खड्डे. सीडी वाचणाऱ्या लेझरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीच्या लेझरची ६५०. किरण बारीक झाला म्हणून खड्डेही बारीक करता आले आणि जागा वाढली. सीडीवर सुमारे ७०० मेगाबाइट मावायचे. डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ गिगाबाइट, आणि दोन थर असले तर ८.५.

आता त्यातली एक गंमत. डीव्हीडी कॉम्प्युटरवर उघडली तर काही फाइलींच्या नावाच्या शेवटी आयएफओ असं असतं आणि त्यांच्या जोडीला तेवढ्याच आकाराच्या बीयूपी फाइली असतात. आयएफओ म्हणजे त्या डिस्कची अनुक्रमणिका: कुठलं प्रकरण कुठे सुरू होतं, कुठला आवाज कुठे आहे. बीयूपी म्हणजे तिचीच बॅकअप प्रत. ओरखडा पडून पहिली वाचता आली नाही, तर प्लेयर दुसरी वाचतो. म्हणजे डिस्क बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की ही वस्तू खराब होणार आणि दुसरी प्रत लागणार. त्यांनी स्वतःची सोय डिस्कमध्येच करून ठेवली. गिऱ्हाइकाला मात्र ती सोय करू द्यायची नाही, असंही ठरवलं.

कुलूप कसं होतं?

डीव्हीडीवरचं चित्र इतकं स्वच्छ होतं की हॉलिवूडचे स्टुडिओ धास्तावले. कॅसेटची कॉपी केली की चित्र विटतं, तिची कॉपी केली की आणखी विटतं. डिजिटल कॉपी मात्र मुळाबरहुकूम. म्हणून स्टुडिओंनी अट घातली, आधी कुलूप, मग सिनेमे. या कुलपाचं नाव सीएसएस.

त्याची रचना आपल्या भाषेत सांगतो. सिनेमा सांकेतिक रूपात बंद केलेला. तो उघडण्याची किल्ली डिस्कवरच, पण तीही बंद करून ठेवलेली. प्लेयर बनवणाऱ्या प्रत्येक परवानाधारक कंपनीला स्वतःची वेगळी किल्ली दिलेली. डिस्कची किल्ली सुमारे चारशे वेळा, प्रत्येक वेळी वेगळ्या किल्लीनं बंद करून, डिस्कच्या आतल्या बाजूच्या एका खास पट्टीत लिहिलेली. तुमचा प्लेयर आपल्या किल्लीनं आपला कप्पा उघडतो, आतून डिस्कची किल्ली काढतो आणि सिनेमा सुरू होतो.

ती खास पट्टी महत्त्वाची. दुकानात मिळणाऱ्या कोऱ्या डिस्कवर ती आधीच निकामी केलेली असे. म्हणजे घरी बसून तुम्ही बंद सिनेमा जसाच्या तसा उतरवलात, तरी किल्ली सोबत येत नसे आणि ती कॉपी चालत नसे. उलट ज्याच्याकडे डिस्क छापण्याचा कारखाना आहे, त्याला कुलूप उघडायची गरजच नाही. तो कुलपासकट, किल्लीसकट सगळी डिस्क जशीच्या तशी छापतो. आणि आपल्याकडचा चोरटा धंदा तर पहिल्याच दिवशी थिएटरात कॅमेरा लपवून नेऊन चालायचा. त्याला डीव्हीडीची वाटही बघावी लागत नसे. तेव्हा कुलूप नेमकं कोणाला अडवत होतं? पैसे देऊन डिस्क घेणाऱ्या आणि घरच्या कॉम्प्युटरवर तिची एक प्रत ठेवू पाहणाऱ्या माणसाला.

जोडीला प्रदेशांची भानगड. जग सहा भागांत वाटलं होतं. अमेरिका आणि कॅनडा १, युरोप आणि जपान २, आणि भारत ५ व्या भागात, रशिया आणि आफ्रिकेच्या बऱ्याच देशांसोबत. अमेरिकेतल्या मुलानं आई-वडिलांना तिथून डिस्क पाठवली, तर ती इथल्या प्लेयरवर चालायची नाही. २००० सालापासूनच्या कॉम्प्युटर ड्राइव्हमध्ये प्रदेश फक्त पाच वेळा बदलता यायचा. पाचव्या वेळी जो निवडाल तो कायमचा. माल कायदेशीर, पैसे भरलेले, पावती हातात; तरी बघायला बंदी.

कुलूप तुटलं ते कसं?

सांकेतिक लिपीच्या शास्त्रात एक जुना नियम आहे आणि तो फौजेसाठीच लिहिला गेला होता. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली फ्रान्समधल्या एका लष्करी नियतकालिकात तो मांडला. त्याचा मतलब असा: तुमची पद्धत शत्रूच्या हाती लागणारच, हे धरून चाला. सगळं रहस्य फक्त किल्लीत असू द्या, पद्धतीत नको. यंत्र पळवलं गेलं तरी चालेल. किल्ली बदलली की काम झालं.

सीएसएसनं याच्या नेमकं उलट केलं. पद्धत गुप्त ठेवली आणि तिच्यावरच भिस्त टाकली. किल्ली अवघी ४० बिटांची. तेव्हाच्या अमेरिकी निर्यात नियमांत यापेक्षा मोठ्या किल्लीचं सामान बाहेर पाठवणं अवघड होतं. शिवाय किल्ल्या लाखो घरांत पोहोचलेल्या प्लेयरमध्ये आणि कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरमध्येच होत्या. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी कुलूप आणि किल्ली दोन्ही नेऊन ठेवायचं, आणि वर म्हणायचं की हात लावू नका.

१९९९ च्या ऑक्टोबरमध्ये डीसीएसएस नावाचा एक छोटा प्रोग्राम इंटरनेटवर आला. तो करणाऱ्या तिघांपैकी एकाचं नाव जगापुढे आलं, योन लेक योहानसन, नॉर्वेचा, वय वर्षं १५. बाकी दोघे अनामच राहिले. झिंग नावाच्या कंपनीच्या सॉफ्टवेअर प्लेयरमध्ये किल्ली नीट लपवलेली नव्हती. तिथून ती त्यांच्या हाती आली. पुढे काही दिवसांतच फ्रँक स्टीव्हनसन या अभ्यासकानं दाखवून दिलं की पद्धतच इतकी कच्ची आहे की चोरलेल्या किल्लीचीही गरज नाही. घरचा साधा कॉम्प्युटर काही सेकंदांत डिस्कची किल्ली हुडकून काढतो.

योहानसनचं म्हणणं होतं, की त्याला आपल्या डीव्हीडी लिनक्सवर बघायच्या होत्या आणि लिनक्ससाठी परवानाधारक प्लेयर कोणी बनवतच नव्हतं. जानेवारी २००० मध्ये त्याच्या घरावर पोलिसांचा छापा पडला. खटला उभा राहिला आणि ७ जानेवारी २००३ रोजी ऑस्लोच्या न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. सरकारी पक्ष वरच्या न्यायालयात गेला. डिसेंबर २००३ मध्ये तिथेही तो सुटला. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं. ज्यानं डिस्क पैसे देऊन विकत घेतली आहे, त्याला ती बघण्याचा हक्क आहे. स्वतःच्या घराचं दार उघडणाऱ्याला घरफोड्या म्हणता येत नाही.

अमेरिकेत निकाल उलटा लागला

अमेरिकेचा आधीचा इतिहास पाहिला तर हे आश्चर्याचंच. घरी व्हिडिओ रेकॉर्डरवर टीव्हीचा कार्यक्रम उतरवून नंतर बघणं कायदेशीर की बेकायदा, हा वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९८४ साली ५ विरुद्ध ४ अशा मतांनी सोनी जिंकली आणि घरचं रेकॉर्डिंग कायदेशीर ठरलं. ज्या स्टुडिओंनी रेकॉर्डरवर बंदी मागितली होती, त्यांनीच पुढे कॅसेटच्या विक्रीतून आणि भाड्यातून अमाप पैसा केला. एका मतानं निकाल फिरला असता तर तो धंदाच उभा राहिला नसता.

पण १९९८ साली तिथे नवा कायदा झाला. त्यानं कॉपी करणं आणि कुलूप तोडणं हे दोन वेगळे गुन्हे केले. कॉपी एक वेळ चालेल. कुलपाला हात लावणं किंवा ते उघडण्याचं हत्यार लोकांना देणं चालणार नाही. याच कायद्याखाली आठ स्टुडिओंनी २६०० नावाच्या हॅकर मंडळींच्या नियतकालिकावर दावा लावला. ऑगस्ट २००० मध्ये न्यायमूर्ती लुईस कॅप्लन यांनी डीसीएसएस प्रसिद्ध करायलाच नव्हे, तर दुसरीकडे ते कुठे मिळतं त्याचा दुवा द्यायलाही मनाई केली. नोव्हेंबर २००१ मध्ये अपिलातही हाच निकाल कायम राहिला.

लोकांनी याची भरपूर खिल्ली उडवली. प्रोग्राम टी-शर्टवर छापला, कवितेत बसवला. एका गणित्यानं तो एका मूळ संख्येच्या रूपात लिहून दाखवला आणि विचारलं, की आता संख्या बेकायदा ठरवणार का?

पुढचा घाव ३२१ स्टुडिओज या कंपनीवर पडला. ती घरच्या माणसाला डीव्हीडीची कॉपी करून देणारं सॉफ्टवेअर दुकानांत उघड विकत होती. फेब्रुवारी २००४ मध्ये न्यायालयानं तिला मनाई केली आणि ऑगस्टमध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. स्वतःच्या डिस्कची प्रत ठेवणं योग्य आहे, हा युक्तिवाद तिच्या कामी आला नाही, कारण हत्यार विकणं हाच मुळी वेगळा गुन्हा होता.

घरच्या कॉम्प्युटरवर काय चाललं होतं?

कोर्टात काहीही चालो, घरोघरी काम सुरूच होतं. २००० ते २००५ च्या सुमारास डीव्हीडी डिक्रिप्टर आणि डीव्हीडी श्रिंक ही दोन फुकट सॉफ्टवेअर सगळ्यांच्या तोंडी होती. पहिलं कुलूप काढून सिनेमा हार्ड डिस्कवर उतरवायचं. दुसऱ्याचं काम त्याहून नाजूक होतं. विकत घेतलेला सिनेमा बहुधा दोन थरांवर, सात-आठ गिगाबाइटचा. कोरी डिस्क ४.७ ची. मग काय कापायचं? जाहिराती काढा, परदेशी भाषांचे आवाज काढा, मुलाखती काढा, आणि तरीही मावत नसेल तर चित्र थोडं आणखी दाबा.

त्या काळी ज्यांनी हे केलं त्यांना आठवत असेल. रात्री जेवण झाल्यावर कॉम्प्युटर लावायचा, घरच्यांना बजावायचं की कोणी हात लावू नका, आणि सकाळी बघायचं. सुरुवातीच्या एकपट वेगाच्या रायटरला एक डिस्क भरायला तासभर लागायचा. मध्येच वीज गेली की ती डिस्क चहाच्या कपाखाली. पुढे १६ पट वेगाचे रायटर आले, २००४ पासून ८.५ गिगाबाइटच्या कोऱ्या डिस्क आल्या आणि कापाकापीची गरज कमी झाली.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक धागा आहे. जगात ज्या मोजक्या कंपन्या कोऱ्या डिस्क प्रचंड संख्येनं बनवायच्या, त्यांत दिल्लीची मोझर बेअर अग्रेसर होती. याच कंपनीनं २००७ च्या सुमारास सिनेमांचे हक्क घेऊन व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. रस्त्यावरची चोरटी डिस्कही जवळपास त्याच भावात मिळायची. मग साधा माणूस खरीच घेऊ लागला. कुलूप आणि खटल्यांनी जे साधलं नव्हतं, ते किमतीनं बऱ्याच अंशी साधलं. मराठी आणि इतर भाषांतले कितीतरी जुने सिनेमे त्या लाटेत घरोघरी पोहोचले. पुढे लोक फोनवर सिनेमे बघू लागले, डिस्कचा बाजार बसला आणि २०१८ साली कंपनी मोडीत निघाली. तिच्या डिस्क मात्र तुमच्या-माझ्या घरात आहेत.

आपला कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही. पण कलमं वाचून अर्थ लावायची सवय नोकरीत लागते, तेव्हा जे लिहिलंय ते सांगतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. तिनं कलम ६५अ घातलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूनं जो संरक्षक कुलूप तोडेल त्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इथे 'हेतूनं' हा शब्द मोलाचा आहे. याच कलमात पुढे म्हटलंय की कायद्यानं स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी असं काही केलं तर त्याला हे कलम आड येणार नाही. अमेरिकेच्या कायद्यात हेतूला इतकी जागा नाही. आपल्या संसदेनं ती मुद्दाम ठेवली.

त्याच दुरुस्तीनं कलम ५२ मधली खासगी वापराची सवलत रुंद केली. खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, संशोधनासाठी केलेला न्याय्य वापर आता सिनेमालाही लागू आहे. कॉम्प्युटर प्रोग्रामच्या बाबतीत तर नुकसानीपासून बचावासाठी बॅकअप प्रत करायला कलम ५२ स्पष्टपणे परवानगी देतं. बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयालाही त्याच्याकडे असलेल्या कृतीची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा आहे.

म्हणजे स्वतः विकत घेतलेल्या डिस्कची स्वतःच्या घरासाठी ठेवलेली एक प्रत, आणि तीच दहा जणांना वाटलेली किंवा विकलेली प्रत, यांत कायदा फरक करतो. पहिली खासगी वापरात बसते असं मी कलमांवरून समजतो. दुसरी सरळ भंग आहे आणि त्यासाठी तुरुंग आहे. ब्रिटननंही ऑक्टोबर २०१४ मध्ये खासगी कॉपीला परवानगी दिली होती. जुलै २०१५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं ती रद्द केली. जग याबाबत अजून एकमतावर आलेलं नाही.

कॉपीनं काय काय वाचवलं

कोणी म्हणेल, एवढं काय अडलंय? सिनेमा कुठेतरी असेलच की. इतिहास सांगतो की नसतो.

भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा', मार्च १९३१ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. आज त्याची एकही प्रत ठाऊक नाही. त्याआधी आपल्याकडे तेराशेहून अधिक मूकपट बनले. त्यांतले पुरे-अर्धे मिळून तिसाच्या आसपास उरले आहेत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झालं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळं गोळा केली. तोवर बरंच काही भट्टीत गेलं होतं, कारण जुन्या रिळांतून चांदी काढून विकत. जे गोळा झालं, त्यातलीही शेकडो चित्रपटांची नायट्रेट रिळं जानेवारी २००३ च्या आगीत जळाली. संस्था चांगली असली, माणसं तळमळीची असली, तरी एकाच जागी एकच प्रत असेल तर एक ठिणगी पुरते.

आता उलट बाजू बघा. १९२२ चा जर्मन चित्रपट 'नोस्फेराटू' हा 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून विनापरवाना केला होता. लेखकाच्या पत्नीनं दावा जिंकला आणि १९२५ साली न्यायालयानं सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. कायद्याच्या दृष्टीनं तिचं म्हणणं रास्त होतं. पण काही प्रती आधीच परदेशी गेल्या होत्या. त्या उरल्या म्हणून आज हा चित्रपट जगभर अभ्यासला जातो.

सत्यजित राय यांच्या अपू त्रयीची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेच्या आगीत सापडली. 'अपूर संसार'चं तर वापरण्याजोगं काही उरलंच नाही. पण वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत त्या चित्रपटांच्या प्रती होत्या. जळक्या निगेटिव्हचे वाचलेले तुकडे आणि त्या प्रती जुळवून २०१५ मध्ये तिन्ही चित्रपट नव्यासारखे उभे राहिले.

मराठी माणसाला हे नवं वाटू नये. ज्ञानेश्वरी इसवी सन १२९० ची. तिची मूळ लिखित पोथी आपल्याकडे नाही. जवळपास तीनशे वर्षं ती नकलकारांच्या हातून चालत आली, आणि त्यात चुका, भर, गाळ असं सगळं शिरलं. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, एकनाथांनी मिळतील त्या प्रती पडताळून शुद्ध पाठ तयार केला. पडताळायला अनेक प्रती होत्या म्हणून ते शक्य झालं. कोणीतरी गावातल्या मठात, कोणीतरी घरच्या ओसरीवर बसून स्वतःसाठी केलेल्या त्या नकला होत्या. पोथ्यांना कुलूप असतं, तर एकनाथांच्या समोर काय आलं असतं याचा विचार करा.

आता काय करायचं

सिनेमे आज मोबाइलवर मिळतात, हे खरं. पण तिथे आपण फक्त बघायचे पैसे देतो. करार संपला की सिनेमा एका रात्रीत यादीतून निघतो आणि विचारायला कोणी नसतं. डिस्कच्या काळात वस्तू आपली होती आणि भांडण तिच्या कुलपाचं होतं. आता वस्तूच हातात येत नाही. म्हणून त्या जुन्या डिस्कचं मोल वाढलंय, विशेषतः ज्या मराठी नाटकांचं आणि छोट्या सिनेमांचं दुसरं काही कुठे दिसत नाही त्यांचं.

तेव्हा माझ्याकडून चार गोष्टी. एक, आधी घरच्या डिस्क हाताळा: लग्न, मुंज, आजोबांची मुलाखत. त्यांना कुलूप नाही, आणि त्या घरी रायटरवर भरलेल्या असतात. अशा डिस्कमध्ये खड्ड्यांऐवजी रंगद्रव्याचा थर असतो आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो छापील डिस्कपेक्षा लवकर बिघडतो. दुसरं, यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह अजून बाजारात मिळतो, घेऊन ठेवा. एखादी डिस्क अडली तर दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघा, बऱ्याचदा तिथे वाचली जाते. तिसरं, कॉपी एका जागी ठेवू नका. दोन हार्ड डिस्क, त्यांतली एक दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा मुलीकडे. दर दोन-तीन वर्षांनी उघडून तपासा. चौथं, मूळ डिस्क आणि तिचं वेष्टन टाकू नका. तुम्ही ती विकत घेतली होती याचा तोच पुरावा, आणि उद्या एखाद्या संग्रहालयानं विचारलं तर दाखवायला तीच वस्तू लागेल. कॉपी वाटत सुटू नका. ज्यांनी सिनेमा केला त्यांचंही पोट त्यावर आहे.

महाराष्ट्रापासून दूर राहून ज्यांनी या डिस्क जमवल्या, त्यांच्या कपाटात कदाचित एखाद्या नाटकाची शेवटची चांगली प्रत असेल. ती चालते का, ते या रविवारी लावून बघा, आणि काय सापडलं ते आम्हाला जरूर कळवा.